सीताफळांच्या टोपलीत गोळ्या

"मॅडम, तुमचे मिस्टर तुम्हाला घाबरतात का?"

हे मी इंग्लिशमध्ये विचारलं. उभी राहून, मॅडमच्या डोळ्यांत बघून, एकदाही न अडखळता. पैज पल्लवीने लावली होती आणि रुक्साना साक्षीदार होती. विचारलं नाही तर दिवाळीपर्यंत पल्लवीची सायकल मी पुसायची, असं ठरलं होतं. पण सायकलीचं काही नव्हतं. आठवीपर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि नववीत मला जे तोंड फुटलं ते बंदच होईना. विचार म्हटलं की विचारायचं, गा म्हटलं की गायचं.

ओगाता मॅडमनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तोंडावर हात धरून हसल्या आणि म्हणाल्या, "यस. व्हेरी मच."

आम्ही तिघी सोफ्यावरून खाली पडायच्याच बाकी होतो.

आमचं गाव सुप्याच्या पुढे. एमआयडीसी झाली, तिच्यात एक जपानी कंपनी आली, आणि त्या कंपनीचे मोठे साहेब म्हणजे ओगाता साहेब. मॅडम दिवसभर बंगल्यात एकट्या. मराठी येत नाही, हिंदी येत नाही, इंग्लिशसुद्धा आमच्यासारखंच, ढकलगाडी. त्यांनीच आमच्या हेडसरांना कळवलं की शाळेतल्या दोन-तीन मुली शनिवारी पाठवा, त्यांचंही इंग्लिश सुधारेल, माझंही. सरांनी आम्हाला निवडलं, कारण बाकीच्या मुलींच्या घरून नको म्हणाले.

पुस्तक नव्हतं. गोळ्या होत्या. मॅडमची बहीण तिकडून पाकिटं पाठवायची. प्रत्येक शनिवारी एक नवीन पाकीट फुटायचं. डोळे मिटायचे, गोळी तोंडात टाकायची, आणि तीन वाक्यं बोलायची. 'गुड' आणि 'नाइस' या शब्दांना बंदी. खोटं बोलायलाही बंदी. "ऑनेस्ट, प्लीज," मॅडम म्हणायच्या, आणि बोट वर करायच्या.

मला त्यात जी मजा यायची ती सांगता येणार नाही. भाजलेल्या रताळ्याची गोळी होती, मक्याच्या कणसाची होती, सोया सॉसची होती, खारवलेल्या आंबट फळाची तर अशी होती की रुक्सानाचा एक डोळा पाच मिनिटं उघडलाच नाही. सॉल्टी, सावर, बिटर, स्टिकी, च्युई हे शब्द मी पाठ केले नाहीत, ते जिभेवरच बसले. एकदा हिरव्या चहाच्या गोळीला मी म्हणाले, "इट टेस्ट्स लाइक अवर ओल्ड ब्लॅकबोर्ड," आणि मॅडमनी विचारलं की तू फळा कधी चाटलास. मी म्हटलं, दुसरीत. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

तर त्या दिवशी घरी जाऊन, जेवताना, मी तो 'यस, व्हेरी मच' सगळ्यांना साभिनय करून दाखवला. तोंडावर हात धरून वगैरे. आई हसली. दादा हसला. अण्णा हसले नाहीत.

अण्णांची पिठाची गिरणी. माणूस तसा हसरा, पण जेवणाच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी नादाला लागू नये. भाकरी जुन्या पिठाची असली की पहिल्या घासाला कळणार, आणि ताट सरकवलं की सरकवलं. त्या रात्री भाकरी जुन्याच पिठाची होती आणि ते ती गुमान खात होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"म्हंजी बाईचं चालतं म्हण घरात," ते म्हणाले.

"अण्णा, जोक होता तो."

"जोकमधीच खरं बाहेर पडतं."

दादा त्याच कंपनीत कामाला होता. तुषारदादा, आयटीआय केलेला, पण कंत्राटावर. दिवाळीला त्याची मुदत संपत होती. थोड्यांना कायम करणार, बाकीच्यांना नमस्कार, एवढंच कळलं होतं. त्याने कंपनीत कळू न देता रांजणगावला एक दुसरी नोकरी बघून ठेवली होती. ती तितकी चांगली नव्हती, रोज जाणं-येणं लांब होतं, पण होती. ते लोक सोमवारी सकाळी हजर व्हा म्हणत होते. येत नसाल तर रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, आमच्याकडे दुसरे उभे आहेत. दादाचं मन होईना. इथल्या मशीनवर त्याचा जीव होता.

पुढच्या शनिवारी, त्या सोमवारच्या दोनच दिवस आधी, मी निघाले तर अण्णा दारात तयार. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. कितीही धुतले तरी त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर पीठ राहतंच, तेवढं होतं. हातात वेताची टोपली, तिच्यात बांधावरच्या झाडाची सीताफळं, वर आईच्या जुन्या साडीचा तुकडा.

"तुम्ही कुठं?"

"तुझ्या शाळेत. मला काय शिकायची बंदी हाय का?"

वाटेत त्यांनी सांगितलं. मॅडमना सांगायचं, मॅडम साहेबांना सांगतील, साहेब त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. "तू फक्त मी बोलतो ते इंग्लिशमधी म्हणायचं. बाकी काही नाही."

"अण्णा, तिथं असं नसतं चालत."

"सगळीकडं असंच चालतं. आणि दादाला सांगायचं नाही मी आलतो ते. बापानं हात पसरले असं वाटंल त्याला."

मी चार पावलं पुढे चालत होते, जणू आमची ओळखच नाही.

मॅडमनी दार उघडलं, आणि अण्णांना बघून त्यांना इतका आनंद झाला की मला रडू यायला लागलं. त्यांना वाटलं, मुलीचं काय चाललंय ते बघायला वडील आले. त्या वाकल्या. अण्णा त्यांच्याहून खाली वाकले. त्या पुन्हा वाकल्या. टोपली मध्येच लोंबकळत राहिली.

पल्लवी आणि रुक्साना आधीच येऊन बसल्या होत्या. अण्णा सोफ्याच्या अगदी कडेला बसले, बसलोय असं वाटू नये इतक्या कडेला. आणि मॅडमनी नवीन पाकीट फोडून पहिली गोळी पाहुण्यांच्या हातावर ठेवली.

ती समुद्रातल्या शेवाळाची होती. काळी, चिकट, मासळीबाजाराच्या ओल्या पोत्यासारखा वास. रुक्सानाने तोंडात टाकली आणि लगेच कागदात काढली. पल्लवीने नाक धरलं. मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी ती तोंडात टाकली. जबडा थांबला. गळ्यातली गाठ खाली-वर झाली. मग ते हसले.

"सांग मॅडमला, लई भारी. आसं आमच्या जन्मात खाल्लं नाही."

मी सांगितलं. मॅडमनी बोट वर केलं. "ऑनेस्ट, प्लीज."

"काय म्हंत्यात?"

"खरं सांगा म्हणतात."

"खरंच सांगतोय. आजून हाय का विचार."

आणि मॅडमनी खरंच दिली. त्यांना काय, आजवर कुणी असली गोळी दुसऱ्यांदा मागितली नव्हती. दुसरी, तिसरी. मग आत जाऊन त्यांनी एक खास डबी आणली, तिच्यात हिरव्या गोळ्या होत्या, वासाबीच्या. वासाबी म्हणजे त्यांच्याकडचं एक मूळ, मिरचीसारखं जिभेला लागत नाही, सरळ नाकातून मेंदूत जातं. आम्हाला ती एकदाच मिळाली होती आणि पल्लवी तेव्हा अंगणात पळाली होती.

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते हसतच होते. टोपी सारखी करायच्या निमित्ताने त्यांनी बाहीने गाल पुसले.

"फस क्लास," ते म्हणाले. हे त्यांनी स्वतः इंग्लिशमध्ये म्हटलं.

घरी मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस. मी पल्लवीकडे बघितलं, ती हसत असेल म्हणून. हसली असती तर बरं झालं असतं, मी तिला चिमटा काढला असता, सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ती खाली फरशीकडे बघत होती. रुक्साना खिडकीबाहेर. माझे कान तापले होते आणि मला एकच वाटत होतं की वीज जावी, भूकंप व्हावा, काहीही व्हावं.

अण्णांनी घसा साफ केला. "हां. आता सांग, बाई."

मी उभी राहिले. गेल्या शनिवारी जिथे उभी राहिले होते तिथेच. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याजवळ शब्दच नाहीत. आंबट आहे, खारट आहे, दाताला चिकटतं, जिभेवर विरघळतं, हे सगळं मला येत होतं. कंत्राट, कायम, मुदत, शब्द टाकणं, यातलं काही आम्ही कधी चाखलं नव्हतं.

"माझा भाऊ," मी तुकड्या-तुकड्यांनी म्हणाले. "तुमच्या कंपनीत. दिवाळीला संपणार. वडील म्हणतात, प्लीज, तुम्ही साहेबांना सांगा."

मॅडम ऐकत होत्या. समजलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुढे म्हणाले, "साहेब तुमचं ऐकतात. म्हणून."

मग त्यांना समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही आला. आला असता तर तोंड तरी फिरवता आलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मोहिनी. त्या दिवशीचा प्रश्न. तो यासाठी होता?"

"नो," मी म्हणाले. "नो, नो, मॅडम."

पैजेला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी पल्लवीकडे बोट दाखवलं, मग रुक्सानाकडे, मग हातांनी सायकल पुसून दाखवली. कुणाला काय कळणार होतं त्यातून. "फ्रेंड्स," मी म्हणाले, "फ्रेंड्स सेड," आणि थांबले. पल्लवीने तोंड उघडलं, पण तिचं इंग्लिश माझ्याहून अर्धं.

"काय म्हंत्यात?" अण्णा विचारत होते. "साहेबांचं नाव घेतलं का?"

मॅडम उठल्या. अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पाठ टेबलासारखी सपाट होईपर्यंत वाकल्या. अण्णा गडबडून उभे राहिले. एवढ्या मोठ्या घरातल्या बाईने त्यांच्यापुढे असं वाकावं, त्यांना काय करावं कळेना. त्यांनी हात जोडले.

"सॉरी," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून सावकाश, मला समजेल अशा बेताने बोलल्या. मी करू शकत नाही. माझे मिस्टरही करू शकत नाहीत. ठरवणारे लोक तोक्योमध्ये आहेत. माझे मिस्टर घाबरतात, पण मला नाही. त्यांच्या साहेबांबरोबर जेवायला जातात, आवडत नाही ते खातात, डिलिशस म्हणतात, घरी येऊन पोटाचं औषध घेतात.

हे बोलताना त्यांचं लक्ष अण्णांच्या पुढ्यातल्या कागदांकडे गेलं. गोळ्यांचे सगळे रिकामे कागद अण्णांनी नीट घडी घालून ठेवले होते. मॅडमनी ते बघितले, अण्णांचे लाल डोळे बघितले, आणि गोळ्यांची बशी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. "नो मोअर," त्या म्हणाल्या. "प्लीज."

अण्णांना वाटलं, आपण जास्त खाल्ल्या. त्यांनी चटकन ते कागद गोळा केले आणि खिशात कोंबले.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, "अण्णा, त्या नाही म्हणाल्या. साहेबांच्याही हातात नाही म्हणाल्या."

"आगं, पोरींसमोर हो कशा म्हणतील? मोठी माणसं चारचौघांत हो म्हणत नसत्यात."

"स्पष्ट नाही म्हणाल्या."

"मग एवढ्या खाली वाकल्या कशाला?" आणि मग जरा वेळाने, "तेवढी हिरवी गोळी तुम्ही पोरी कशा खाता गं?"

मी हसले नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, कंपनीची गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने टोपली आणून दिली. आमचीच. साडीचा तुकडा धुऊन, इस्त्री करून वर झाकलेला. आत गोळ्यांची पाकिटं काठोकाठ, चहाचा एक सुंदर डबा, आणि निळा टॉवेल. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

अण्णा गिरणी बंद करून धावत आले. टोपलीकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो आधी एकदाच बघितला होता, दादा आयटीआय पास झाला तेव्हा.

"बघ," ते आईला म्हणाले. "बघ. रिकामी नाही पाठवली. नाही म्हणायचं आसतं तर टोपली तिथंच पडली आसती. नातं ठेवायचं म्हणूनच भरून पाठवली."

आमच्याकडे खरंच तसंच असतं. शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, म्हणजे देणं-घेणं चालू राहतं. पण मला आठवलं, हेडसरांनी पंधरा ऑगस्टला मॅडमना शाल-नारळ दिला होता, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत बिस्किटांचा मोठा डबा हजर. इतकी घाई का, मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, आलेली भेट जड असते. लवकर परत काहीतरी द्यायचं. मग दोघंही हलके, कुणावर काही राहत नाही. फिनिश.

मी हे अण्णांना सांगायला गेले. पण तोवर त्यांनी दादाला हाक मारली होती.

"तुषार, त्या रांजणगाववाल्यांना कळवून टाक. येत नाही म्हणावं."

"का?" दादा अंघोळ करून आला होता, डोकं पुसत होता. "इथलं काही कळलं का?"

"कळल्यासारखंच हाय. वरून शब्द गेलाय."

"कुणाचा?"

"तू नको विचारू. बापावर इस्वास हाय ना?"

दादाने टोपलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मोहे, ह्या गोळ्या तुझ्या मॅडमच्या?"

अण्णा माझ्याआधी म्हणाले, "सीताफळं पाठवली होती तिच्या हाती. त्याचं."

दादाने एक पाकीट उघडलं, नेमकं शेवाळाचं. तोंडात टाकली आणि "ईई, काय हे" म्हणत अंगणात थुंकला. अण्णा हसले. "चव लागाय वेळ लागतो," ते म्हणाले. दादाही हसला. किती दिवसांनी हसला होता. मग म्हणाला, फोनला रेंज नाही इथं, स्टँडवर जाऊन त्यांना फोन करून येतो. आणि शर्ट घालायला आत गेला.

आई टोपली रिकामी करत होती. "आता यात काय घालू? शेंगदाण्याचे लाडू करू का? जपानी लोक खातात का गं लाडू?"

"खातील," अण्णा म्हणाले. "येत्या शनिवारी मी परत जातो हिच्याबरोबर. एकदा गेलं म्हणजे झालं नाही, तोंड दाखवत राहायला लागतं."

मला ते परत सोफ्याच्या कडेवर बसलेले दिसले. हसताना, डोळ्यांतून पाणी गळताना. आणि समोर ती बाई, जिला वाटत होतं की मी तिच्या घरात एवढे शनिवार गोळ्या खाल्ल्या त्या या कामासाठी.

"अण्णा, त्या नाही म्हणाल्या," मी म्हणाले.

"झालं हिचं सुरू. तुला काय कळतं मोठ्यांच्या बोलण्यातलं?"

"इंग्लिश कळतं म्हणूनच नेलंत ना मला? मग कळलेलं ऐका की."

आईचा हात टोपलीत थांबला. "काय म्हणाल्या त्या? खरं सांग."

"साहेबांच्या हातात नाही. तिकडे जपानमध्ये ठरतं. आणि ही टोपली म्हणजे हो नाही, आई. ही म्हणजे तुमचं आमच्यावर काही राहिलं नाही, असं. त्यांनी स्वतः सांगितलंय मला, मागेच."

अण्णा खाली बसले. टोपीशी चाळा करत बसले. कानाची पाळी पांढरी होती. आत दादा कसलं तरी गाणं गुणगुणत होता.

"आसंल," शेवटी अण्णा हळू आवाजात म्हणाले. "पण आज नको. आज कळवू दे त्याला. म्हंजी, दोन दिवस थांबून सांगू. आत्ता सांगितलं तर तो विचारंल, तुम्हाला कसं कळलं. मग मी तिथं गेलतो ते…" पुढचं त्यांनी गिळलं. जसं काल सगळं गिळलं होतं, तसंच.

मला वाटलं, गप्प बसावं. दोन दिवस काय, दोन महिनेसुद्धा गप्प बसता आलं असतं मला, आठवीपर्यंत तेच तर केलं होतं. माझ्याच बापाची मान मी माझ्याच भावासमोर खाली घालणार होते.

आत कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला.

"अण्णा, आई," मी म्हणाले, "दादा बाहेर आला की मी त्याला सांगणार आहे. तुम्ही गेला होतात ते, आणि मॅडम नाही म्हणाल्या ते. दोन्ही. अण्णा, तुम्हाला समोर बसणं जमणार नसेल तर गिरणीत जा, पट्टा चालू करा, आवाजात काही ऐकू येणार नाही. पण मी सांगणार."